चार्ज देण्याचा दिवस

मे महिन्यात आमच्या महसूल खात्यात आंबे, लग्नं आणि बदल्यांची यादी एकदमच येतात. यादीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पडली की भर दुपारी ऑफिस शांत होतं. जो तो मान खाली घालून बोटांनी मोठं करकरून आपलं नाव शोधत असतो. यंदा माझं होतं. मंडणगडहून राजापूर. बाहेरच्यांना वाटतं, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तर आहे! पण रत्नागिरी जिल्ह्याची ही दोन टोकं. वाटेत जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या ओलांडाव्या लागतात. आणि माझी बायको चिपळूणला शिक्षिका, म्हणजे मी कुठेही गेलो तरी बिऱ्हाड दोन ठिकाणी.

२०१९ साली चिपळूणहून मंडणगडला टाकलं तेव्हा मी आठ दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. एकाची ओळख काढून बदली थांबवायचाही प्रयत्न केला होता, आता कबूल करायला हरकत नाही. थांबली नाही. वर्षभरात, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि मंडणगड-दापोलीत घरांवर कौलं-पत्रे राहिले नाहीत, पोफळी आडव्या झाल्या. पंचनाम्यांच्या त्या दिवसांत तालुका मला जेवढा कळला तेवढा एरवी दहा वर्षांत कळला नसता. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि आम्हाला तिकडे पंचनाम्याला पाठवलं. चिखलातून पेठमाप, खेर्डी हिंडताना मला वाट दाखवायला कुणी लागलं नाही. एक दुकानदार पत्रा उचलता उचलता म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही मंडणगडला गेला होतात ना? परत आलात काय?" आधीच्या गावची ओळख अशी कामी येते.

पण हे सगळं निरोपसमारंभात बोलायचं झालं. नारळ, शाल, "नवे अनुभव, नवी माणसं." मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते जरा लाजिरवाणं आहे.

आमच्याकडे सगळेजण ज्याला 'बदल्यांचा कायदा' म्हणतात, तो २००५ चा. १ जुलै २००६ पासून लागू. एका पदावर साधारण तीन वर्षं, आमच्यासारख्या गट क वाल्यांना, म्हणजे कारकुनी वर्गाला, एका कार्यालयात असे दोन कार्यकाळ, बदल्या शक्यतो एप्रिल-मेमध्येच. एवढं प्रत्येकाला तोंडपाठ असतं. त्याच कायद्याचा उरलेला अर्धा भाग दफ्तर दिरंगाईचा आहे. कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलंय. बदली आणि दिरंगाई या दोन गोष्टी एकाच कायद्यात का घातल्या असतील, याचा मी नोकरीची वीस वर्षं विचारच केला नव्हता. यंदा चार्ज देताना, म्हणजे पुढच्या माणसाकडे काम सोपवताना, केला.

चार्ज यादी करायची म्हणजे कपाट रिकामं करावं लागतं. कागदपत्रं सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत आम्ही सगळे जाणतो: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. आमच्यात एक सातवा गठ्ठा असतो, तो कुठल्याच परिपत्रकात नाही. टेबलाच्या खालच्या खणातला. 'बघू नंतर' वाला.

त्या खणात मला संजय गांधी निराधार योजनेचा एक अर्ज सापडला. विधवा बाई, वय पन्नाशीच्या आसपास. वर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने, 'उत्पन्न दाखला नाही, आल्यावर समक्ष सांगू.' तारीख आठ महिन्यांपूर्वीची. बाई दोनदा येऊन गेल्या होत्या म्हणे, दोन्ही वेळेस मी नेमका रजेवर. आणि तो दाखला आमच्याच कार्यालयातून निघतो. माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर. महिना दीड हजार धरले तर आठ महिन्यांचे बारा हजार. मंजुरीच्या आधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे ते गेलेच.

त्या दिवशी कार्यमुक्त व्हायचं होतं, टेम्पोवाला दोनदा फोन करून गेला. मी बाईंना फोन लावला, दाखल्याची व्यवस्था केली आणि चार्ज यादीत त्यांचं प्रकरण पहिल्या क्रमांकावर लाल शाईने लिहिलं. बदली झाली नसती तर तो खण मी उघडला असता का? नसता. आणखी दोन वर्षांनी कधीतरी.

म्हणून दरवर्षीच्या या यादीकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघतो. एका खुर्चीवर माणूस जास्त दिवस बसला की त्याला सगळं 'माहीत' होतं आणि काहीच 'दिसत' नाही. नवा येतो, तो विचारतो, "हे इथे का पडलंय?" ज्याला उत्तर द्यावं लागतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझा होता.

बदली गोडच मानावी असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. ज्याचे आई-वडील अंथरुणाला आहेत, ज्याच्या मुलीची यंदा दहावी आहे, त्याला "सकारात्मक राहा" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. मुदत संपायच्या आत, कारण न देता कुणाला उचललं असेल तर त्याने खुशाल मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जावं. आणि दर मे महिन्यात शिफारशीची पत्रं घेऊन काही ठरावीक मंडळी ठरावीक खुर्च्यांवर परत कशी येतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे खालचे खण कोण उघडणार?

राजापूरला रुजू होऊन आता बारा दिवस झाले. खोली मिळाली, अर्जुना नदीच्या अलीकडे. गॅस अजून आला नाही, तोवर खाणावळ. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी त्रेचाळीस प्रलंबित प्रकरणांची यादी करून दिलीय, नीट, तारखांसकट. रोज चार-पाच संपवतोय. मंडणगडच्या बाईंचं प्रकरण योजनेच्या समितीपुढे ठेवल्याचा माझ्या जागी आलेल्या मुलीचा परवा मेसेज आला. सोबत एक प्रश्न: "सर, खालच्या खणाची किल्ली कुठे आहे?"

त्या खणाला कुलूपच नव्हतं कधी. नुसता घट्ट बसतो, जोरात ओढावा लागतो. तसं कळवलं.