ओटा तोडायचा ठरवण्याआधी

स्वयंपाकघराचं बजेट एका मोठ्या निर्णयाने फुगत नाही. एका निवडीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि कोटेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. आमच्या कोथरूडकडे पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींत सध्या घरोघरी कामं निघाली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

हॉबचंच बघा. शेगडीऐवजी हॉब, म्हणजे ओट्यातच बसवलेली शेगडी, ठरला की ओट्याचा ग्रॅनाइट कापावा लागतो. ओटा जुना, कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर टेकलेला असला तर मिस्त्री म्हणतो, कापण्यापेक्षा नवीनच करू. ओटा निघाला की मागच्या भिंतीवरच्या डॅडो टाइल्स फुटतात. जुन्या टाइल्सना जोड मिळत नाही, म्हणजे अख्खी भिंत आली. भिंत उघडली की गंजलेली जीआयची (लोखंडी) पाइपलाइन दिसते, ती तशीच ठेवून वर नवीन टाइल्स लावणं खरंच शहाणपणाचं नसतं. मग सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप, गॅसची पाइप सरकवणं, राडारोडा उचलण्याचे वेगळे पैसे. हॉब आला म्हणून चिमणी, चिमणी आली म्हणून डक्टसाठी बाहेरच्या भिंतीला सहा इंची भोक आणि विजेचा वेगळा पॉइंट. सुरुवात कशाने झाली होती, तर शेगडीने! शिवाय पुढे कधी हॉब बदलायचा झाला, तर त्याच कापाच्या मापात बसणारा शोधत फिरायचं.

शटरचं, म्हणजे कपाटांच्या दारांचं, गणित तर कागदावर मांडूनच बघा. दहा फुटी ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं क्षेत्र साधारण २७ चौरस फूट. वरची कपाटं दोन फूट उंच धरली तर आणखी २०, माळ्याला शटर लावली की आणखी २०. झाले ६७. लॅमिनेटऐवजी अ‍ॅक्रिलिक घेताना ‘चौरस फुटाला फक्त पाचशेचा फरक’ असं कुणी म्हणालं, तर तो फरक ३३,५०० रुपयांचा असतो. माळ्यावर पाट, परात आणि गणपतीचं मखर ठेवायचं असेल तर तिथे चकचकीत शटर कशासाठी?

माझं मत स्पष्ट आहे. पैसे पाणी आणि वीज जिथे आहे तिथे घाला. सिंकखाली आयएस ७१० ची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लायच हवी. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगला की कपाटाचा तो सांगाडाच गेला. शटर मात्र दहा वर्षांनीही बदलता येतं. ओव्हन, डिशवॉशर, इंडक्शनसाठी १६ अँपिअरचे पॉइंट स्वतंत्र वायरवर आत्ताच काढून घ्या, टाइल्स लागल्यावर ते काम बरंच महाग पडतं. पांढरा क्वार्ट्झ दिसतो सुंदर, पण त्यात रेझिन असतं, ते जास्त उष्णतेने डागाळतं. रोज फोडणीची तापलेली कढई उतरवणाऱ्या घरात काळा ग्रॅनाइटच बरा. माझ्या मामेबहिणीने जुना ग्रॅनाइटचा ओटा आणि शेगडी ठेवली, आणि वाचलेल्या पैशांत सगळं वायरिंग नवीन केलं. मला तो निर्णय फार आवडला.

आणि कोटेशन रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावर, आलं असेल तर त्यात ट्रॉली सरकवणारे चॅनेल, बास्केट, बिजागऱ्या धरल्यात का ते लिहूनच घ्या. जीएसटी ‘एक्स्ट्रा’ असं खाली बारीक अक्षरात असतं. तीन लाखांवर १८ टक्के म्हणजे ५४ हजार. हा आकडा शटरचा रंग निवडण्याआधी बेरजेत धरा.