पोळ्याची सुट्टी आणि कादंबरीवरचा शेवटचा हात

यंदा पोळा शुक्रवारी आला आहे, तान्हा पोळा आणि मारबतीची, म्हणजे ईडापीडा घालवण्यासाठी काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक शनिवारी, आणि त्याला लागून रविवार. शुक्रवारची किरकोळ रजा मी बरीच आधी मंजूर करून घेतली होती. या सुट्टीत मला माझी कादंबरी पूर्ण करायची आहे, सोमवारी सकाळी ती प्रकाशकांकडे पोहोचली पाहिजे, आणि म्हणून या दिवसांत मी कोणाकडे जेवायला जाणार नाही, मारबत पाहायला नागपूरच्या इतवारीत जाणार नाही आणि फोनही घेणार नाही. हे कळल्यावर नातेवाइकांनी आणि कार्यालयातल्या मैत्रिणींनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला: वर्षभर लिहीतच असतेस, मग ऐन सणातच कशाला? प्रश्न आपुलकीचा होता, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटले.

नोकरी करून लिहिणाऱ्याला नेहमी दिला जाणारा सल्ला असा की, रोज एक पान लिहावे, वर्षाच्या शेवटी पुस्तक तयार होते. पहिल्या खर्ड्यापुरता हा सल्ला अगदी खरा आहे आणि मी तो पाळलेला आहे. पहाटे उठून, डबे भरण्याच्या आधी, एक प्रसंग लिहिता येतो, एखादा संवाद पुढे नेता येतो, कधी नुसते एका खोलीचे वर्णन होते. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. पण कादंबरीवरून शेवटचा हात फिरवायचा असतो तेव्हा हा हिशेब चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या वेळी सगळी पाने एकाच वेळी डोक्यात असावी लागतात. चौथ्या प्रकरणात कोणी काय कबूल केले होते, सव्विसाव्या प्रकरणात ते कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे सारे एका दमात आठवले पाहिजे. मध्ये कार्यालयाचा एक दिवस गेला की त्यातले निम्मे निसटते, आणि दुसऱ्या दिवशी हाताशी असलेला वेळ ते पुन्हा गोळा करण्यातच संपतो.

उदाहरण माझ्याच पुस्तकातले देते. कादंबरी एम्प्रेस मिलच्या आधाराने जगलेल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची आहे. जमशेटजी टाटांची ही मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कुटुंबाचा मूळ पुरुष खेड्यातून येऊन मिलमध्ये लागतो, ते साल दुसऱ्या खर्ड्यात मी कथेच्या सोयीसाठी अलीकडून मागे, १८७८ वर नेले. बदल एका ओळीचा होता. पण हा माणूस शहरात आल्याच्या पहिल्याच श्रावण अमावास्येनंतर काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आलेली पाहतो, असा एक प्रसंग पुढे होता. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे तो प्रसंग आणखी काही वर्षांनी घडायला हवा. तोपर्यंत त्याचे लग्न झालेले आहे, मांडीवर मूल आहे, आणि ज्या गर्दीत तो एकटा हरवतो असे मी लिहिले होते त्या गर्दीत तो आता एकटा असूच शकत नाही. त्याची भीती बदलते, त्याच्या बायकोला तिथे बोलावे लागते, आणि ती जे बोलते ते तिची नात तिसऱ्या भागात आठवते. असे धागे सुट्या सुट्या सकाळी दुरुस्त करता येत नाहीत. एका प्रकरणातली दुरुस्ती अजून ताजी असतानाच पुढच्या प्रकरणापर्यंत जावे लागते.

बोलीचेही तसेच आहे. माझ्या कादंबरीतली जुनी पिढी ‘मले, तुले’ म्हणते. नातू शाळेत ‘मला, तुला’ म्हणायला शिकतो, पण आईशी बोलताना ‘मले’वर येतो, आणि त्याची नोकरी लागल्यानंतर एका प्रकरणात तो आईशीही ‘मला’ म्हणतो. तो काय गमावतो आहे हे मी कुठेही सांगितलेले नाही. ते त्या एका अक्षरावर सोपवलेले आहे. मग त्याच्या आधीच्या दोनशे पानांत हे अक्षर एकदाही चुकीच्या ठिकाणी पडलेले चालणार नाही, कारण वाचकाने तो बदल मुद्रणदोष समजू नये. संगणकाला शोधायला सांगून हे होत नाही. प्रत्येक संवाद मोठ्याने वाचून, कोण कोणाशी आणि कोणासमोर बोलतो आहे हे पाहून ठरवावे लागते. सुरुवातीची काही प्रकरणे श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीत टंकलेली आहेत, ती युनिकोडमध्ये आणताना विस्कटलेले रफार आणि जोडाक्षरे नीट करणे हे त्याखेरीजचे काम, पण ते थकलेल्या मनानेही होते.

आपल्याकडे कादंबरी नेहमी अशाच रीतीने पूर्ण होत असे असेही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः येत राहिल्या. छापून गेलेला मजकूर परत हातात येत नाही; लेखक पुढेच जात राहतो, आणि वाचकही त्याच्याबरोबर आठवड्याआठवड्याने पुढे जातो. आज वाचकाच्या हातात संपूर्ण पुस्तक एकदम पडते आणि पुष्कळदा तो ते दोन-चार दिवसांत वाचून संपवतो. ज्या वेगाने तो वाचणार आहे, निदान त्या वेगाने लेखकाने स्वतःचे पुस्तक एकदा सलग वाचून, सुधारून दिले पाहिजे. हे मला वाचकाच्या बाबतीतले कर्तव्य वाटते.

आता असे सलग दिवस आणायचे कुठून? मराठीत कादंबरीवर घर चालत नाही. एक हजार प्रतींची आवृत्ती, चारशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरले तर सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर ४०,००० रुपये होतात, आणि सगळ्या प्रती विकल्या जायला अनेकदा काही वर्षे जातात. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरीला होते, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर होते. एवढ्या मोठ्या लेखकांना जे चुकले नाही ते इतरांना कसे चुकेल? नोकरदाराला सलग दिवस मिळतात ते सणावाराला जोडून. म्हणून मराठी कादंबऱ्यांची कितीतरी शेवटची प्रकरणे पोळ्याला, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली गेली असतील, असे मी खात्रीने मानते.

बाईच्या बाबतीत यात एक जास्तीची अडचण आहे, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. पोळ्याला पुरणपोळी, वडे, कढी हे सारे घरच्या बाईच्या हातून व्हायचे असते, आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला मुले दारात येतात तेव्हा ओवाळायला तीच लागते. पुरुष लेखकाने दार लावून घेतले तर घर हळू आवाजात बोलते. बाईने दार लावले तर ते दार दर अर्ध्या तासाने वाजते. माझ्या घरी या वेळी तसे होत नाही, कारण सासूबाईंनी स्वयंपाक आणि बैलांची पूजा दोन्ही आपल्याकडे घेतले आहे आणि मुलांच्या बोजाऱ्याचे यजमानांकडे सोपवले आहे. आलेल्या एका पाहुणीने माझी चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, “पुरण घोटता घोटता कोणी दार उघडाले जाते का? खाली लागते ते.” कादंबरीच्या शेवटच्या टप्प्याविषयी याहून नेमके मी सांगू शकले नसते. त्यांची मी ऋणी आहे आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तसे लिहिणार आहे.

काहींनी असेही सुचवले की, कादंबरीत मारबतीचे प्रकरण असताना प्रत्यक्ष मिरवणूक पाहणे लेखनाला उपयोगाचेच ठरेल. लहानपणापासून मी नेहरू पुतळ्याजवळची ती गर्दी पाहत आले आहे. मारबतीबरोबर निघणारे बडग्यांचे पुतळे, गुलाल, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा, हे मला डोळे मिटून आठवते. निरीक्षणाचा काळ खर्ड्याच्या आधी असतो. शेवटच्या वाचनाच्या वेळी बाहेरचे नवे तपशील आत आले तर ते लेखकाला मोहात पाडतात, आणि बसलेले प्रकरण उगाच फुगते.

प्रकाशकांना मात्र मला एक विनंती करायची आहे. हस्तलिखिताची तारीख ठरवताना ती एखाद्या सलग सुट्टीच्या अलीकडची ठरवू नये, पलीकडची ठरवावी, आणि हस्तलिखित स्वीकारल्यावर मानधनाचा काही भाग लगेच द्यावा, म्हणजे लेखकाला निदान काही दिवसांची बिनपगारी रजा परवडेल. माझ्या प्रकाशकांनी तारखेचे ऐकले, म्हणूनच हे शक्य झाले.

दुसरी विनंती आपल्या शहरातल्या संस्थांना. नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका जागोजागी आहेत आणि त्या असल्याच पाहिजेत. पण ज्यांच्या घरी दार लावून बसता येत नाही, अशा लिहिणाऱ्यांसाठी, विशेषतः लिहिणाऱ्या बायकांसाठी, सुट्टीच्या दिवसांत उघडी राहील अशी एकही खोली माझ्या पाहण्यात नाही. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ ची. शंभरी पार केलेल्या या संस्थेने किंवा शहरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाने दिवाळीपूर्वी याचा विचार करावा. एक टेबल, एक पंखा आणि सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत बसण्याची मुभा एवढे पुरेसे आहे. भाडे आम्ही भरू.