"६४ भरली, सकाळी ६० निघाली" या टायरच्या हवेबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. आमच्या टायरच्या दुकानाबद्दल तुम्ही ऑनलाइन टाकलेला अभिप्राय वाचला. भर उन्हात मुलाबाळांना घेऊन पाऊण तास थांबावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बसायला सावलीचं काहीतरी करायचं बघतोय.

पण तुम्ही लिहिलंय, "६० सांगून ६४ भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीला मागच्या दोन्ही टायरांत ६० निघाली. व्हॉल्व्ह हलके टाकलेत, हवा गळते." हे फार लागलं. व्हॉल्व्ह गळका असता तर दोन्ही टायरांतून बरोबर चारच पॉइंट (म्हणजे psi, हवेच्या दाबाचं माप) कसे गेले असते? आणि नेमके ६० वर येऊन थांबले कसे असते?

तुम्ही पुण्याहून दुपारचे निघून खंबाटकी चढून साताऱ्यात आलात. टायरला हात लावला तर चटका बसत होता. हवेचा आकडा कायम थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावरचा. तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता आणि मी तो मागितलाही नाही. पाऊण तासात टायर पूर्ण निवत नाही. सकाळच्या मानाने तो पंधरा-सोळा अंश तरी गरम असणार, आणि ६० च्या टायरला तेवढ्या गरमीने गेजवर (हवा मोजायच्या मीटरवर) साधारण ४ पॉइंट जास्त दिसतात. म्हणून ६४ ठेवली. गरम टायरात ६० वर थांबलो असतो तर सकाळी तुम्हाला ५६ मिळाली असती. पावतीवर मी तुमच्यासमोर "गरम ६४, थंड ६०" असं लिहून दिलंय. त्याच पावतीचा फोटो तुम्ही खाली टाकलाय, कृपया मोठा करून बघा. तुमच्या गेजने सकाळी ६० दाखवली, म्हणजे सांगितलं तेच झालं.

आता ६० च का. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर जो आकडा आहे तो कंपनीतून निघालेल्या गाडीचा. तुमच्या गाडीत नंतर प्लायचे पलंग, दोन बॅटऱ्या, फ्रिज आणि १०० लिटरची टाकी बसली. भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच १०० किलो. म्हणून आधी शेजारच्या वजनकाट्यावर पाठवलं. मागच्या ॲक्सलवर १,६४० किलो आलं. निम्मे केले तर चाकाला ८२०, पण टाकी आणि फ्रिज दोन्ही डावीकडे, तेव्हा डाव्या चाकावर त्याहून जास्तच. तुमच्या टायरवर १०६ छापलंय, म्हणजे एक टायर ९५० किलो पेलतो, पण पूर्ण ६५ हवेवर. कमी हवेत तो तेवढं पेलत नाही. जड बाजूला पुरेल अशी मागे ६० आणि पुढे ४५ ठेवली. खड्ड्यात दणका थोडा जास्त बसतो, ते मी तेव्हाच सांगितलं होतं.

पंपावरच्या मुलाने मागची हवा ४० वर आणली आणि गाडी "मऊ चालायला लागली" असं तुम्ही लिहिता, ते वाचून मात्र काळजी वाटली. एवढ्या वजनाखाली ४० वर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, आतून तापते, आणि टायर फुटतात ते असेच. त्या मुलाने गाडीत काय भरलंय हे विचारलं होतं का?

आमचं दुकान हायवेवरचं आहे साहेब. बाहेरगावची गाडी अभिप्रायातले तारे बघूनच आत वळते. "हवा गळते" हे दोन शब्द वाचून कुणी वळणार नाही, आणि ते खरंही नाही. तेवढी ओळ बदलाल तर उपकार होतील. थांबावं लागल्याचा एक तारा कापा, माझी तक्रार नाही.

परत येताना घाट चढायच्या आधी, सकाळी गाडी गार असताना, जवळच्या पंपावर मागे ६० आणि पुढे ४५ करून घ्या. टाकी तिथेच रिकामी केलीत तर उत्तम. वाटेत गरम टायरात ६५ च्या आसपास दिसली तरी सोडू नका. पावतीवर दुकानाचा नंबर आहे, अडलं तर रात्रीसुद्धा फोन करा.