बायको आहे आणि फास नाही?

माझ्या कोटाला कॉलरच्या आत अडकवायचा बंद नव्हता. एवढाच काय तो गुन्हा. त्यापायी मॉस्कोतल्या एका छोट्या संग्रहालयात, शाळेची एक अख्खी सहल आणि माझी बायको यांच्यादेखत, मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी स्टुलावर बसवून सुईत दोरा ओवायला लावला. येऊन बारा दिवस झाले, अजून आठवलं की कान तापतात.

कोट माझा नाही, हे आधीच सांगतो. ठाण्याच्या मेव्हण्यानं कधीकाळी कॅनडाला जाताना तो घेतला आणि तेव्हापासून तो गोतावळ्यात फिरतोय. कुणी काश्मीरला निघालं, कुणी युरोपला निघालं, की व्हिसाच्या आधी कोटाची चौकशी. त्याच्या खिशात खडीसाखरेचा खडा, स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा ट्रामचं तिकीट आणि पाचक गोळ्यांची रिकामी पट्टी असा ऐतिहासिक ऐवज आहे. बंद नेमका कुणाच्या कारकिर्दीत तुटला, याची नोंद नाही. आपल्याकडे त्याच्यावाचून अडतं कुठे? आपण सदरा दारामागच्या खिळ्याला सरळ मानगूट धरून टांगतो. सकाळी मानेमागे कापडाचं टेंगूळ आलेलं असतं, ते घेऊन ऑफिसला जातो. आमच्या वडिलांनी त्या टेंगळासह तेहतीस वर्षं नोकरी केली.

असो. टूरचा शेवटचा दिवस, दुपार मोकळी. बाकीची मंडळी एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांचा भाव पाडायला गेली आणि आम्ही दोघं झामोस्कवोरेच्येत शिरलो. हा मॉस्क्वा नदीच्या पल्याडचा जुना भाग. पल्याड म्हणजे क्रेमलिनच्या बाजूनं बघितलं तर. शनिवारवाड्यावरून बघितलं की डेक्कन जशी पल्याड, तसं. मध्ये 1780 च्या दशकात खणलेला एक कालवाही आहे. त्यावरच्या पुलावर लोखंडी झाडं उभी केलीत आणि त्यांना नवविवाहितांनी कुलपं लटकवलीत. बायकोनं विचारलं, "किल्ल्या?" म्हटलं, पाण्यात टाकतात. ती पुढे काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुण्यात बुरूड आळी, तांबट आळी, तशा इथे धंद्यांच्या वस्त्या होत्या. ओर्दिन्का म्हणजे तातारांच्या टोळीकडे, त्यांच्या 'ओर्दा'कडे जाणाऱ्या वाटेवरची आळी. कदाशी ही झारच्या दरबारासाठी तागाचं कापड विणणाऱ्यांची. आणि तोल्माची ही दुभाष्यांची. 'तोल्माच' म्हणजेच दुभाषी. तातारांशी बोलायचं तर मधे कुणीतरी हवाच. नंतर व्यापारी आले, त्यांनी दुमजली घरं बांधली. त्यातल्याच पावेल त्रेत्याकोवनं तागाच्या धंद्यातल्या पैशातून चित्रं जमवली आणि 1892 मध्ये ती सगळी मॉस्को शहराला देऊन टाकली. ते चित्रालय आम्ही सकाळीच गाइडच्या झेंडीमागे धावत उरकलं होतं. म्हणून दुपारी म्हटलं, एखादं साधं, व्यापाऱ्याच्या जुन्या घरातलं संग्रहालय बघू. नाव सांगत नाही. पुन्हा जायची वेळ आली तर त्यांनी ओळखायला नको.

तिथे नियम असा, की कोट घालून आत जायचं नाही, हातावर घेऊनही जायचं नाही. खाली काउंटरवर द्यायचा आणि नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा. 2022 पासून आपली नेहमीची कार्डं तिकडे चालत नाहीत, त्यामुळे आमचे सगळे रूबल त्या कोटाच्या आतल्या खिशात. म्हणजे मी कोट देताना जरा धरूनच ठेवला. काउंटरमागच्या आजीबाईंनी तो ओढला. मी ओढला. इथेच सुरुवात वाईट झाली.

सत्तरीच्या असाव्यात. खांद्यावर लोकरीची शाल, चष्म्याला साखळी आणि चेहऱ्यावर 'तुमच्यासारखे रोज शंभर बघते' हा भाव. त्यांनी कोट उलटा केला, कॉलर चाचपली, पुन्हा चाचपली. मग मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा तो दोन बोटांत उचलून म्हणाल्या, "ग्द्ये पेत्येल्का?"

मला वाटलं, नाव विचारताहेत. मी नाव सांगितलं.

"न्येत! पेत्येल्का!"

आडनावही सांगितलं.

शेवटी बायकोनं फोनमधलं भाषांतर चालू केलं आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. त्या बोलल्या. फोननं शांतपणे मराठीत वाचून दाखवलं, "तुमचा फास कुठे आहे?"

आम्ही दोघं गप्प. मी नकळत गळ्याला हात लावला. पेत्येल्का म्हणजे कॉलरमधला तो बंद आणि फोननं त्याचा फास केला, हे जरा उशिरा उमगलं. आजीबाईंना चेव चढला. त्या बोलत गेल्या आणि फोन एका सुरात सांगत गेला, "प्रत्येक सभ्य माणसाला फास असतो." मग, "मी कशाला लटकवू?" मग माझ्या बायकोकडे बोट दाखवून, "बायको आहे आणि फास नाही?"

बायकोला हसू आवरेना. ती काउंटरला धरून हसत होती आणि आजीबाईंना वाटलं, ती त्यांच्याशी सहमत आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

तोवर मागे रांग लागली. केसाळ टोपीतले एक गृहस्थ पुढे आले. मला वाटलं, सोडवायला आले. त्यांनी स्वतःचा ओव्हरकोट उतरवला, कॉलर उलटली आणि आतली साखळी दाखवली. बंद नव्हे, साखळी! दोनदा खुळखुळवली. ते बघून सहलीतल्या पोरांनी आपापल्या जाकिटांच्या कॉलरी उलट्या केल्या. वीस-पंचवीस पेत्येल्का माझ्यासमोर नाचू लागल्या. एका चिमुरडीनं तर आपली मला हात लावून बघायला दिली.

आता लिहिताना मजा वाटते, तेव्हा वाटली नव्हती. कारण आजीबाईंच्या पाठीमागे भिंतीला पाच हँगर रिकामे लोंबत होते. पाच. मी मोजले. त्यांच्याकडे बोट दाखवलं तर त्यांनी नुसती मान हलवली. ते कुणासाठी होते, कुणास ठाऊक. खिडकीपलीकडच्या माणसाला तुमचं काम जमत असतं, पण तुमचं चुकलंय हे आधी तुम्ही कबूल करायचं असतं. मागच्या नोव्हेंबरात वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी एका बँकेत तीन खेपा घातल्या. सही जुळत नाही म्हणे. नव्वदीच्या माणसाचा हात कापतो, कशी जुळणार? वडील समोर खुर्चीत बसलेले. हयात. आणि पलीकडचा पोरगा मला विचारतोय, ते स्वतः आलेत का?

इकडे आजीबाईंनी खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. पत्र्याच्या डब्यात सुई-दोरे ठेवायची रीत जगभर एकच दिसते. त्यातून सुई, लाल दोरा आणि फितीचा तुकडा काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्टुलाकडे बोट केलं. बायको म्हणाली, "द्या, मी लावते." आजीबाईंनी तिला हातानंच थोपवलं. कोट ज्याचा, टाके त्यानं घालायचे. कोट मेव्हण्याचा आहे, हे फोनला सांगून बघितलं. फोननं त्याचं काय केलं कळलं नाही, पण रांगेतले दोघं माझ्याकडे वाईट नजरेनं बघायला लागले.

स्टुलावर बसल्या बसल्या मला अफानासी निकितीन आठवला. पंधराव्या शतकातला हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला. आमच्या धर्मात ये, मग घोडा परत. शेवटी एका खुरासानी माणसानं मध्यस्थी केली तेव्हा घोडा सुटला. मला खुरासानी भेटला तो साखळी खुळखुळवणारा. दुभाष्यांच्या आळीत मुका, विणकरांच्या आळीत सुईत दोरा ओवता न येणारा, असा मी त्या दोन आळ्यांच्या मधे बसून सहा टाके घातले.

आजीबाईंनी फीत ओढून बघितली. ती हातात आली.

मग मात्र त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा नाकावर घेतला, माझे टाके उसवले आणि मिनिटभरात असा बंद लावला की त्याला धरून मलाच टांगता आलं असतं. शेवटी दोरा दातानं तोडला. मी आतल्या खिशातून दोनशे रूबल काढले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की नोट मुकाट परत ठेवली. कोट आकड्याला गेला. रूबलही त्याच्याबरोबर गेले, हे मला जिना चढताना आठवलं. पुन्हा खाली जायची छाती झाली नाही.

वर पंचवीस मिनिटं मिळाली. एक समोवार म्हणजे चहाचं पाणी तापवायचा बंब, एक भलामोठा पलंग, आणि आम्ही खोलीतून निघालो की पाठोपाठ दिवे मालवत येणाऱ्या दुसऱ्या आजीबाई. बाहेर पडलो तर पाच वाजायच्या आत मिट्ट काळोख. कदाशीच्या चर्चचे घुमट म्हणे फार देखणे. मला त्यांच्या जागी जास्त गडद काळोख दिसला. रूबल मात्र जसेच्या तसे. कोपऱ्यावर भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई थांबली आणि माझ्या उघड्या डोक्याकडे बघून ओरडली, "शापका!" टोपी. एव्हाना माझं रशियन बरंच सुधारलं होतं.

घरी आल्यावर कोट दारामागच्या खिळ्याला टांगला. मुद्दाम, कॉलरला धरून. सकाळी बघतो तर लाल दोऱ्याच्या बंदावर लटकतोय. मी पुन्हा कॉलरवर टांगला. बारा दिवस हेच चाललंय. परवा मेव्हणा कोट न्यायला येतोय, त्याचं नेपाळचं ठरलंय.