वाईनच्या सत्काराची यादी बांधावरून सुरू करा

नाशिकच्या वाईनला घडवणाऱ्या माणसांचा एकदा रीतसर, जाहीर सत्कार व्हायला पाहिजे, अशी चर्चा हल्ली आपल्याकडे बऱ्याचदा कानावर येते. व्हायलाच पाहिजे. पाव शतक उलटून गेलं, पहिल्या फळीतली काही माणसं थकली, काही गेली. जी आहेत त्यांच्या तोंडून अजून सगळं ऐकता येतंय, तोवर हे झालेलं बरं. पण नावं निघाली की दर वेळी तीच चार-पाच निघतात आणि ती बहुतेक मालकांची असतात. मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरात वाढलो. आमच्या रानात वाईनची द्राक्षं लागली, वाढली आणि एके दिवशी मुळासकट निघाली. त्यामुळे या विषयावर मला बोलायचंय, आणि थोडं लांबणार आहे.

आधी ज्यांचं श्रेय त्यांना देतो. राजीव सामंत यांचं नाव पहिल्यांदा येणार, ते यावंच. स्टॅनफर्डला शिकून, ओरॅकलमधली नोकरी सोडून हा माणूस परत आला, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत उभा राहिला आणि म्हणाला, इथे वाईनची द्राक्षं होतील. तेव्हा नाशिकमध्ये द्राक्ष म्हणजे थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या खायच्या जाती. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही वाईनच्या द्राक्षांची नावं आमच्याकडे कुणाला धड उच्चारता येत नव्हती. परवान्यासाठी त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, कॅलिफोर्नियातून केरी डॅम्स्की या वाईनमेकरना आणलं, आईच्या सुलभा या नावावरून वायनरीचं, म्हणजे वाईनच्या कारखान्याचं, नाव ‘सुला’ ठेवलं आणि 2000 साली पहिली बाटली बाजारात आणली. डिसेंबर 2022 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. गंगापूर रस्त्याला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यावर आज किती घरं चालतात ते आपण बघतोच. त्यांचा सत्कार दोनदा झाला तरी माझी हरकत नाही.

त्यांच्यानंतरचीही नावं आहेत. कुंदेवाडीला स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं स्वतःच्याच वायनरीत नेणारे रेव्हेलोचे यतिन आणि किरण पाटील. ॲडलेडला शिकून आलेले यॉर्कचे कैलाश गुरनानी. कावनईला व्हलोने उभी करणारे शैलेंद्र पै. पहिल्या काळात सुलाच्या टाक्यांपाशी राबलेले वाईनमेकर अजॉय शॉ. उत्पादकांची संघटना बांधून सरकारदरबारी भांडत राहिलेले जगदीश होळकर. आणि नाशिकच्या हद्दीबाहेरचे असले तरी नारायणगावचे शामराव चौगुले यांना वगळून हा इतिहास सांगताच येत नाही. ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्र आणून त्यांनी फसफसती वाईन केली आणि ती परदेशात विकून दाखवली. पुढे त्यांचा उद्योग कोसळला. पण तिथे शिकलेली माणसं इतर वायनऱ्यांत गेली आणि ते शहाणपण सगळीकडे पसरलं. कोसळलेल्यांचा सत्कार करायची आपल्याकडे पद्धत नाही. ती पडायला हवी.

कारण आपल्याच पिंपळगाव बसवंतचं बघा. सुला येण्याच्या आधी तिथे सहकारातून ‘पिंपेन’ उभं राहिलं होतं. द्राक्ष शेतकऱ्याचं, त्यातून शँपेनसारखी वाईन करणारा कारखानाही शेतकऱ्याचाच असावा, ही कल्पना त्या काळात त्या लोकांना सुचली, हेच मला फार मोठं वाटतं. तो टिकला नाही. टिकला असता तर आज नाशिकच्या वाईनची मालकी कुणाकडे असती, हा प्रश्न मला अजूनही छळतो. आज त्याचं नाव तरुण पोरांना विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. या यादीत पिंपेनच्या सभासदांचं पान नसेल तर ती यादी अर्धीच.

आणखी मागे जायचं तर 1925 मध्ये ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची बाग लावली, तिथे जावं लागेल. नाशिकला द्राक्ष आलं ते तिथून. त्यानंतर निफाड-दिंडोरीच्या तीन पिढ्यांनी वेल वाचायला शिकलं. कोणत्या डोळ्यातून घड निघणार, कोणती काडी वांझ राहणार, डावणी हा बुरशीचा रोग कोणत्या ढगासोबत येतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळत होतं. वाईनवाले आले तेव्हा ही माणसं तयार होती. हे शहाणपण आयात करता आलं नसतं.

2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूरला वाईन पार्क झालं आणि वायनऱ्यांच्या गाड्या आमच्या वस्त्यांवर यायला लागल्या. आता मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती माणसं इथे येतात.

खायच्या द्राक्षाच्या बागायतदाराला वाईनचं द्राक्ष लावायला सांगणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आयुष्यभर या माणसाने मणी फुगवायला शिकलेलं असतं. मणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचा, विरळणी करायची, मण्याची जाडी मोजायची, सोळा-अठरा मिलिमीटर झाला की एक्स्पोर्टचा व्यापारी दारात उभा. त्याला आता सांगितलं की मणी बारीकच ठेवायचा, साल जाड पाहिजे, बी असू दे, एकरी माल मुद्दाम कमी काढायचा, पाणी तोडायचं, आणि वजनापेक्षा साखरेकडे बघायचं. आमच्या अण्णांनी शिराज ही वाईनची जात लावली तेव्हा शेजारच्या मळ्यातले काका बांधावर येऊन म्हणाले होते, “अरे, हे द्राक्ष पिकवतोस का मिरी?” अण्णा काही बोलले नव्हते. ते संध्याकाळी रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ओळीत शिरायचे, वेगवेगळ्या बाजूचे मणी तोडायचे, रसाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे डोळा लावायचे आणि खिशातल्या डायरीत ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, लिहायचे. बावीस, साडेबावीस, तेवीस. उन्हाकडच्या बाजूचा आकडा वेगळा, सावलीकडचा वेगळा. कोणती ओळ आधी तोडायची ते त्या डायरीवरून ठरायचं. वाईनची चव इथेच ठरते, टाकीत तर ती फक्त सांभाळायची असते, असं मला वायनरीत काम करणाऱ्या मित्रांनीही सांगितलंय. मग त्या डायऱ्या लिहिणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

वर गावातलं बोलणं वेगळंच. आमचं गाव वारीला जाणारं. “दारूची द्राक्षं लावली” हे अण्णांनी देवळाच्या पायरीवर ऐकलंय. आमच्या आईने आयुष्यात वाईनचा थेंब चाखलेला नाही, पुढेही चाखणार नाही, आणि ती बाग निम्म्याहून जास्त तिनेच राखली. वाईन प्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा जो गदारोळ उठला, त्यात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं गेलं. ज्यांनी वाईनची द्राक्षं प्रत्यक्षात लावली, त्यांना काय वाटतं हे विचारायला आमच्या भागात तरी कुणी आलेलं मला आठवत नाही.

आता 2008-09. मुंबईवरचा हल्ला, जगातली मंदी, हॉटेलं रिकामी, वायनऱ्यांच्या टाक्यांत जुना माल तसाच पडलेला. आमचा करार ज्या वायनरीशी होता, तिने तोडणीच्या तोंडावर सांगितलं की या वर्षी माल उचलता येणार नाही. आधीच्या मालाचेही पैसे अडकलेले होते. खायच्या द्राक्षाचं असं झालं तर बेदाणा होतो, लोकल मार्केट असतं, काहीतरी हाताला लागतं. वाईनचं द्राक्ष पेठेत कुणी घेत नाही. बारीक मणी, त्यात बिया. बेदाणा करायलाही नको. ज्याच्यासाठी पिकवलं त्याने नाही म्हटलं की ते झाडावरच वाळतं. आमची शिराज वेलीवर सुकली, पक्ष्यांनी खाल्ली. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी बाग काढली. आमच्या आजूबाजूला अनेकांनी काढली. सोसायटीचं कर्ज मात्र बागेबरोबर निघालं नाही.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. त्या पडझडीत अनेक वायनऱ्याही बुडाल्या, त्यांच्या मालकांनीही सोसलं. पण आज ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, नाशिकला देशाची वाईन राजधानी म्हणतात, आणि हे सगळं ज्या पहिल्या लागवडीवर उभं राहिलं, तिची जोखीम कुणाच्या सातबाऱ्यावर चढली होती हे कुठेही नोंदलेलं नाही. काही बागायतदारांनी त्या काळातही बाग काढली नाही. भाव पडलेला असताना एखादं वर्ष तोटा खाऊन वेल जगवली. आज चांगल्या बाटल्यांत ज्या जुन्या वेलींचा माल जातो म्हणून कौतुक होतं, त्या वेली या लोकांनी राखल्या म्हणून आहेत. माझ्या यादीत त्यांचं नाव पहिल्या पानावर.

दुसरं पान पेठ, सुरगाणा, हरसूलच्या मजुरांच्या टोळ्यांचं. भाताची कामं उरकली की ही माणसं आमच्या तालुक्यांत उतरतात, छाटणीपासून तोडणीपर्यंत बाग त्यांच्या हातात असते. वाईनची तोडणी बहुतेक रात्रीची किंवा पहाटेची, कारण ऊन चढलं की घड तापतो आणि रस क्रेटमध्येच बिघडायला लागतो. जानेवारीतली थंडी, डोक्याला बांधलेला दिवा, दवाने भिजलेली पानं, बोटं बधिर. त्यात घड हातात घेऊन फिरवून बघायचा, सडका मणी असेल तर कात्रीच्या टोकाने काढायचा, मगच क्रेटमध्ये ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. आमच्याकडे यायच्या त्या टोळीतली एक मावशी अंधारात नुसत्या बोटांनी घडाचा आतला कुजका मणी ओळखायची. तिने दाखवल्यावरच मला तो दिसायचा. सिलेक्शन, हँड पिक्ड असे शब्द बाटलीच्या मागे छापलेले असतात. ते हात तिचे.

कलमं बांधणारेही यातच येतात. ज्यावर कलम बांधतात ते डॉगरिज जातीचे खुंट रानात लावायचे, ते पावसाळाभर वाढले की ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम करायचं. काडीचा काप एका झटक्यात आणि दोन्ही बाजूंनी सारखा आला पाहिजे, वेळ लागला की कडा सुकते. चांगला कारागीर दिवसभर एकाच लयीत बसतो आणि त्याच्या कलमांची मर फार कमी निघते. खारं पाणी आणि कोरडी वर्षं या खुंटांनी झेलली म्हणून कॅबरने, शेनिन इथे रुजल्या.

आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून गावोगाव बोलणारे शास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियाने 2007 मध्ये वाईनच्या हॉल ऑफ फेमची पहिली यादी केली, तेव्हा रॉबर्ट मोंदावींसारख्या उद्योजकांच्या जोडीला डेव्हिसच्या विद्यापीठातले मेनार्ड अमेरीन आणि हॅरोल्ड ओल्मो हे संशोधक पहिल्याच वर्षी घेतले होते. कोणती जात कोणत्या हवेत लावावी याचा अभ्यास अमेरीन यांनी केला, ओल्मो यांनी नव्या जाती पैदा केल्या. तिथल्या लोकांना त्याचं मोल पहिल्याच वर्षी कळलं होतं. आपणही शास्त्रज्ञांना पहिल्याच वर्षी घेऊ.

मला विचाराल तर शाल-श्रीफळापेक्षा दोन गोष्टी जास्त टिकतील. एक म्हणजे बाटलीवर गाव आणि बागायतदाराचं नाव. एका मळ्याच्या मालाची वाईन असेल तर मागच्या चिठ्ठीवर “मोहाडी, तालुका दिंडोरी” आणि खाली त्या शेतकऱ्याचं नाव छापायला वेगळा खर्च येत नाही. पर्यटकाला टेस्टिंग रूममध्ये ते वाचायला आवडेल आणि बागायतदाराला पुढच्या करारात त्याचं वजन मिळेल. दुसरी म्हणजे त्या डायऱ्या. जुन्या बागायतदारांच्या घरी पत्र्याच्या पेटीत छाटणीच्या तारखा, ब्रिक्स, पाऊस, औषधांचे हिशेब पडलेत. आमच्या अण्णांच्याही आहेत. कुणीतरी संस्थेने त्या गोळा करून स्कॅन कराव्यात. नाशिकच्या वाईनचा खरा दस्तऐवज तोच आहे, आणि वाळवीच्या आधी आपण तिथे पोचायला हवं. डायऱ्या गोळा करायला माझा वेळ लागला तर तो मी द्यायला तयार आहे.

कार्यक्रम कधी घ्यायचा, तर कृपा करून फेब्रुवारीत नको. फेब्रुवारीत सगळे पाहुणे येतील, पण बागायतदार आणि टोळ्या तोडणीत असतील आणि व्यासपीठावर पुन्हा तीच मंडळी बसतील. पोळ्याच्या आसपास घ्या. भाताची आवणी उरकलेली असते, फळासाठीची गोडी छाटणी जोरात सुरू झालेली नसते. नाशिकच्या हॉटेलात न घेता पिंपळगावला नाहीतर विंचूरला एखाद्या पॅकहाऊसच्या शेडमध्ये घ्या, त्या दिवसांत ती रिकामीच असतात. पेठ-सुरगाण्याच्या लोकांसाठी गाड्या पाठवा, मजुरी बुडणार असेल तर ती भरून द्या, आणि पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवा.