‘ए+बी’ दाबलं की अ‍ॅम्प बंद पडतो: एक स्टारच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रार अशी आहे: आमच्याकडून घेतलेल्या ५०+५० वॅटच्या स्टिरिओ अ‍ॅम्पला मागं स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय आहे, पुढं ‘ए+बी’चं बटण आहे. तरी नवे टॉवर (उभे मोठे स्पीकर) आणि घरातले जुने बुकशेल्फ (छोटे स्पीकर) एकदम लावले की आवाज वाढवताच ‘टक’ होऊन सगळं गप्प होतं आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं. चार स्पीकर असून गाणं आधीपेक्षा फिकं वाटतं. वायरमननं सिरीज (एकामागं एक जोडणी) करून दिल्यावर बंद पडणं थांबलं, मग दुकानदाराला हे का सुचलं नाही? वॉरंटीत असून बदलून दिला नाही, वरून ‘दुसरा डबा खपवायला बघतात’.

बदलून का दिला नाही ते आधी. अ‍ॅम्प दुकानात आला तेव्हा दोन्ही चॅनलवर (डाव्या-उजव्या बाजूला) ८ ओहमचे जाड वायरवाउंड रेझिस्टर लावून तपासला. आउटपुट २० व्होल्टपर्यंत नेलं, म्हणजे ८ ओहमवर पुरते ५० वॅट. लाट कुठं कापली गेली नाही, रिले (भार जास्त झाला की स्पीकर तोडणारा आतला स्विच) पडला नाही. त्यानंतर कमी आवाजावर बराच वेळ चालू ठेवला, तेव्हाही काही झालं नाही. ज्याच्यात दोष सापडत नाही तो सेट कंपनी वॉरंटीत घेत नाही, आणि घेतला असता तरी बदलून आलेला अ‍ॅम्प तुमच्या बैठकीत तसाच ‘टक’ करून बंद पडला असता.

कारण मागच्या पत्र्यावर छापलेलं आहे. स्पीकरच्या टर्मिनलखाली बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत: ‘ए किंवा बी: ४ ते १६ ओहम’ आणि ‘ए+बी: ८ ते १६ ओहम’. पहिली ओळ सगळे वाचतात. दुसरीचा अर्थ असा की दोन्ही जोड्या एकदम चालवायच्या असतील तर प्रत्येक स्पीकर ८ ओहम किंवा त्याहून वरचा हवा. तुमचे बुकशेल्फ ८ चे आहेत, टॉवर ६ चे. ‘ए+बी’ दाबलं की आतल्या आत दोन्ही पॅरलल होतात (त्याच दोन टोकांना शेजारी-शेजारी जोडले जातात), आणि ६ व ८ पॅरलल म्हणजे ३.४३ ओहम. (काही जुन्या अ‍ॅम्पमध्ये हेच बटण सिरीज करतं. तुमच्यात तसं नाही.)

आता हिशोब बघा. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर ओढतो, ६ ओहमचा ३.३. दोन्ही मिळून एका चॅनलवर ५.८ अँपिअर. ५० वॅटच्या चॅनलकडं ११६ वॅटच्या वर मागणी गेली. शिवाय बॉक्सवरचा ओहमचा आकडा हा नुसता नावाचा असतो. खरा इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा रोध) सुराप्रमाणं वर-खाली होतो, आणि नियमाप्रमाणं तो छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतो. म्हणजे टॉवर ४.८, बुकशेल्फ ६.४. दोघांचा तळ एकाच जागी आला तर दोघांचा मिळून पॅरलल इम्पिडन्स २.७ ओहमवर येतो. हलगी-ढोलकीच्या ठोक्याला रिले पडतो तो यामुळं. ‘टक’ आवाज त्या रिलेचा. तो पडला नसता तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असते, आणि ते जाताना कधी कधी पूर्ण डीसी व्होल्टेज स्पीकरवर सोडून वूफरची कॉइलही जाळतात.

त्यात अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये, वर सेट-टॉप बॉक्स. फोटो तुम्हीच टाकलाय. लातूरच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, बंद कप्प्यातली हवा त्याहून गरम, आणि हीटसिंकला उष्णता टाकायला जागाच नाही. वरून किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळं ठेवा, मागची फळी कापा किंवा काच उघडी ठेवा. एवढ्यानं ‘ए+बी’ सुरक्षित होणार नाही, पण एकट्या टॉवरवरसुद्धा अ‍ॅम्पचं आयुष्य वाढेल.

आता फिक्या आवाजाचं. हा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलाय, फक्त कारण अ‍ॅम्पमध्ये शोधलंत. दोन वेगळ्या जोड्यांना व्होल्टेज सारखंच मिळतं, आवाज सारखा निघत नाही. तुमच्या टॉवरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला किती आवाज निघतो तो आकडा) २.८३ व्होल्टला ९१ डीबी लिहिलेली आहे, बुकशेल्फची ८५. फरक ६ डीबीचा. टॉवरच्या बरोबरीनं वाजायला बुकशेल्फला आता मिळतात त्याच्या चौपट वॅट लागतील, ते त्याला मिळत नाहीत. एका मोटारीवर दोन शेतांची दारं धरली की पाणी उताराकडं पळतं, तसंच हे. बुकशेल्फ ऐकू येईना म्हणून तुम्ही नॉब वाढवता, आणि वाढलेला सगळा भार पुन्हा टॉवरसकट अ‍ॅम्पवर.

पण बुकशेल्फ कमी वाजतात हे एका अर्थी बरंच आहे. सोफ्यापासून टॉवर ३ मीटरवर आहेत आणि शोकेसवर ठेवलेले बुकशेल्फ ३.३४ मीटरवर धरा. ३४ सेंटिमीटरचा हा फरक ५०० हर्ट्झच्या सुराची बरोबर अर्धी लाट आहे. त्या सुराला एकाचा पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसऱ्याची लाट उलटी येऊन पोचते. हेच १५०० ला, हेच २५०० ला. मधल्या १००० आणि २००० ला उलट फुगवटा. गाणाऱ्याचा गळा नेमका या पट्ट्यात असतो, म्हणून तो पाइपातून आल्यासारखा वाटतो आणि मान हातभर हलवली की बदलतो. ६ डीबीचा फरक असताना उंचवटा आणि खड्डा यांत साडेनऊ डीबीचं अंतर पडतं. दोघांचा आवाज बरोबरीला आणला तर खड्डे आणखी खोल जातात. म्हणून ‘एल-पॅड (स्पीकरचा आवाज कमी करणारी रेझिस्टरची जोडणी) लावून टॉवर कमी करून द्या’ या मागणीला आम्ही नाही म्हटलं होतं. त्यात तुमचे पैसे गेले असते आणि आवाज आणखी बिघडला असता.

दोन मॉडेलचे क्रॉसओव्हर (जाड सूर वूफरकडं आणि बारीक सूर ट्वीटरकडं वाटणारं सर्किट) वेगळे असले की याच्यात आणखी एक भर पडते. लाल-काळं बरोबर जोडूनही वूफरकडून ट्वीटरकडं सूर जातो त्या पट्ट्यात दोघांची फेज (लाटेचं पुढं-मागं असणं) जुळेलच असं नाही. ते वायर उलटवून पूर्ण सुटत नाही. तरी वायर एकदा तपासून घ्या, कारण तुमच्या बुकशेल्फची वायर दोन्ही बाजूंनी एकाच रंगाची आहे. अ‍ॅम्प बंद करून वायर सोडवा, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लाल टर्मिनलकडच्या तारेला असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर ती वायर उलटी आहे. डाव्या-उजव्यातला एकच उलटा असला तरी बेस निघून जातो.

सिरीजबद्दल. वायरमनदादांनी अ‍ॅम्पच्या बाजूनं चूक केली नाही. ६ आणि ८ मिळून १४ ओहम, अ‍ॅम्प निवांत. पण सिरीजमध्ये करंट दोघांना एकच आणि व्होल्टेज ज्याच्या-त्याच्या इम्पिडन्सप्रमाणं वाटलं जातं. तो इम्पिडन्स तर प्रत्येक सुराला वेगळा. बुकशेल्फचा वूफर त्याच्या रेझोनन्सच्या (तो आपोआप जास्त थरथरतो त्या) सुराला सहज ३० ओहमच्या वर जातो, मग त्या एका सुराचं बहुतेक व्होल्टेज तोच खातो आणि तिथं घुमतो. शिवाय प्रत्येक स्पीकर आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये दुसरा स्पीकर अडथळा होऊन बसतो, त्यामुळं पडद्यावरची अ‍ॅम्पची पकड सुटते. ‘ढोलकीचा ठोका लांबतो’ असं तुम्ही लिहिलंय, तो यामुळंच. एकाच मॉडेलचे दोन स्पीकर सिरीजमध्ये बऱ्यापैकी चालतात, वेगळ्या मॉडेलचे नाही.

मग करायचं काय? बिनपैशाचं पहिलं: बैठकीत ‘ए’ म्हणजे फक्त टॉवर ठेवा. बुकशेल्फ ‘बी’वर आतल्या खोलीत न्या आणि बटणानं एका वेळी एकच जोडी चालवा. वायर १० मीटर लागत असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. तिचा जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहमच्या आसपास राहतो. ०.७५ च्या वायरला तो अर्ध्या ओहमवर जातो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा जास्त. टोकं सोलल्यावर केसाएवढी एक तारही शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे बघा.

दोन्ही जोड्या एकाच वेळी हव्याच असतील तर बुकशेल्फला वेगळा अ‍ॅम्प लागतो. तुमच्या भाषेत हाच तो ‘दुसरा डबा’. तो आमच्याकडूनच घ्या असं नाही. घरात पडलेला जुना, चालू असलेला १५-२० वॅटचा कुठलाही चालेल. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागं ‘रेक आउट’ची (रेकॉर्डिंगसाठी सिग्नल बाहेर देणारी) जोडी आहे, तिथून साधी आरसीए केबल दुसऱ्याच्या ‘ऑक्स’ला. रेक आउटचा सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबआधी निघतो, त्यामुळं दुसऱ्याचा आवाज त्याच्याच नॉबवर लावायचा, रिमोटनं तो हलणार नाही. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवा, म्हणजे गुणगुण यायची शक्यता कमी. दुसऱ्याला ब्लूटूथनं गाणं देऊ नका, तो कानाला कळेल इतका मागं पडतो. आणि दोन अ‍ॅम्पची स्पीकरची टोकं एकमेकांना कधीही जोडायची नाहीत.

बाजारात रेझिस्टरवाले सिलेक्टर बॉक्सही मिळतात. अ‍ॅम्प वाचतो, पण वॅटचा मोठा भाग त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातो. तुमच्यासारख्या ५० वॅटला आम्ही सुचवत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन गोष्टी, कारण दुरुस्तीला असे सेट येत राहतात. छोट्या क्लास-डी ब्लूटूथ अ‍ॅम्पमध्ये बहुतेकदा काळं टोक म्हणजे अर्थ नसतं, लाल आणि काळा दोन्हींवर सिग्नल असतो. दोन स्पीकरना मिळून एकच काळी वायर ओढली की आयसी (आतली चिप) जाऊ शकतो. आणि भजनी मंडळाचा जुना कॉलम स्पीकर घरच्या अ‍ॅम्पला लावायचा असेल तर आधी त्यात १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. १० वॅटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या १० वॅटच्या टोकावर) तो १००० ओहम दिसतो, नुकसान काही करत नाही, पण आवाजही जवळजवळ येत नाही.

दादा, स्टार किती ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. गंजगोलाईच्या गर्दीत अ‍ॅम्प उचलून आणू नका. अ‍ॅम्पपासून सोडवलेल्या वायरच्या टोकांवर घरीच मल्टिमीटर लावा: टॉवर साधारण पावणेपाच ओहम, बुकशेल्फ साडेसहाच्या आसपास दिसायला हवा. एखादा एकच्या खाली किंवा एकदम ‘ओपन’ दाखवत असेल तर तेवढा बॉक्स घेऊन या.