‘चांगल्या वृद्धाश्रमाच्या सहा खुणा’ : या खुणांवर आई-वडिलांना सोपवू नका

सध्या सोसायट्यांच्या, शाळेच्या बॅचच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुंबई-ठाण्यात चांगला वृद्धाश्रम कसा ओळखायचा, याच्या सहा खुणा त्यात दिल्या आहेत. संस्था रजिस्टर्ड असावी, सगळीकडे सीसीटीव्ही असावेत, डॉक्टर चोवीस तास ऑन कॉल असावा, आवारात शांतता असावी, भेटीच्या वेळा काटेकोर असाव्यात आणि जागा शहरापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात असावी. एवढं जुळलं की ‘डोळे झाकून ठेवा’, असं शेवटी लिहिलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंडपासून बदलापूरपर्यंतच्या केअर सेंटरांमध्ये पॅरालिसिसच्या आणि खुब्याच्या ऑपरेशनच्या पेशंटना व्यायाम द्यायला जाते. मेसेज पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या सहाही खुणा जुळत असलेल्या जागी सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या, माकडहाडापर्यंत खोल गेलेल्या जखमा मी पाहिल्यात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘संस्था रजिस्टर्ड असावी’

कुठे रजिस्टर्ड आणि कशासाठी, हे विचारा. ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असतं ते बहुतेक वेळा ट्रस्टचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे झालेली ती नोंदणी. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हिशेब तपासून घेतले का, एवढाच तिचा विषय. रात्री किती आया असतात याच्याशी तिचा संबंध नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे, पण त्यातलं कलम १९ बोलतं ते सरकारी वृद्धाश्रमांबद्दल : प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

नाकातून नळी, ऑक्सिजन, घशाला छिद्र केलेले पेशंट ठेवत असतील, तर शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखालचं प्रमाणपत्रही मागा. मुंबईत ते महापालिका देते.

आणखी एक कागद मागा, जो क्वचितच कोणी मागतं : आगीसंबंधीचा फॉर्म बी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, लिहून घ्यावं लागतं. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या एका मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागली, ती आठवा. अंथरुणाला खिळलेला माणूस जिना उतरून पळू शकत नाही. म्हणून असे पेशंट कोणत्या मजल्यावर ठेवलेत, खिडकीची ग्रिल उघडते का, आणि रात्री मुख्य दाराला कुलूप घातल्यावर किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे स्वतः जाऊन बघा.

‘सगळीकडे सीसीटीव्ही असावेत’

कॅमेऱ्याने फार तर पडल्यावर कसे पडले ते कळतं. शिवाय जिथे म्हातारी माणसं सर्वांत जास्त पडतात, त्या बाथरूममध्ये कॅमेरा नसतोच, आणि नसावाच. तिथे कमोडच्या बाजूला धरायला दांडा आहे का आणि तो जोर लावल्यावर हलतो का, हे पाहा.

खरा प्रश्न रात्रीच्या माणसांचा आहे. हिशेब करून बघू. समजा तीस जणांच्या सेंटरमध्ये दहा जण पूर्ण अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. रात्री दहाला झोपवलं, तर बारा, दोन, चार आणि सहा वाजता. दहा माणसं, चार वेळा, म्हणजे चाळीस खेपा. डायपर बघणं, ओली चादर काढणं, उशी लावणं धरून एका खेपेला दहाच मिनिटं धरली तरी चारशे मिनिटं होतात. आठ तासांच्या रात्रीतले साडेसहा तासांहून जास्त. यात बाकीच्या वीस जणांना बाथरूमला नेणं नाही, कोणाला उलटी झाली ते नाही, आणि जड माणसाला वळवायला दोघी लागतात हेही धरलेलं नाही. आता ‘नाइटला एक मावशी असते’ या उत्तराचा अर्थ लावा. तिने कितीही जीव तोडून काम केलं तरी ते होणारं नाही. पहाटे ती थकून खुर्चीत बसली, तर दोष तिचा नाही, एकटीवर तीस माणसं टाकणाऱ्या मालकाचा आहे.

म्हणून ‘स्टाफ किती?’ असं मोघम विचारू नका. ‘काल रात्री ड्युटीवर कोण कोण होतं?’ असं विचारा आणि हजेरीचं रजिस्टर बघायला मागा. आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून रोज नवी मुलगी येते की त्याच मावश्या महिनोन्‌महिने आहेत, हेही त्यातून कळेल. ओळखीच्या हाताला म्हातारं माणूस ‘दुखतंय’ म्हणून सांगतं.

‘आवारात शांतता असावी’

सहा खुणांमधली ही सर्वांत घातक. तीस म्हातारी माणसं एका छताखाली राहतात, तिथे कुरकुर असते. टीव्हीच्या रिमोटवरून वाद होतात, चहा पांचट झाला म्हणून कोणीतरी ओरडतं. तो आवाज मला बरा वाटतो. सकाळी अकराला सगळे जण खुर्च्यांवर माना टाकून बसलेले दिसले की मी गोळ्यांचा चार्ट मागते.

एका सेंटरमध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या एक आजी होत्या. मी गेले की हनुवटी छातीला टेकलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायचे. तिथल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, “ताई, या आजी लई गुणाच्या. दिवसभर पडून असत्यात, कसला म्हणून तरास न्हाई.” चार्टवर झोपेची एक गोळी होती, हॉस्पिटलमधून सोडताना पंधरा दिवसांसाठी लिहिलेली. ती कोणी थांबवलीच नव्हती, उलट संध्याकाळी एक वाढवलेली होती. मुलाला सांगून डॉक्टरांकडून डोस हळूहळू कमी करवून घेतला. (अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते.) पुढे त्या वॉकर धरून उभ्या राहू लागल्या, आणि पहिली तक्रार केली ती आमटी खारट असल्याची.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात, येरझाऱ्या घालतात. त्यांच्याशी बोलायला, त्यांना फिरवायला माणूस लागतो, आणि गोळी माणसापेक्षा स्वस्त पडते. क्वेटियापिनसारख्या, मुळात गंभीर मानसिक आजारांवरच्या गोळ्या सर्रास देतात. या प्रकारच्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. काही रुग्णांना त्यांची गरज पडते, हे खरं आहे. पण ती कोणी लिहिली, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं.

‘भेटीच्या वेळा काटेकोर असाव्यात’

रविवारी चार ते सहा पाहुणे येणार हे ठाऊक असलं की चारला चादरी बदलतात, केस विंचरतात, अंगावर पावडर पडते. तुम्ही दुपारी साडेबाराला जा. जेवण भरवताना पेशंटला नीट ताठ बसवलंय का बघा. पॅरालिसिसच्या माणसाला आडवं ठेवून घाईने पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. जेवणानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. मावशी उभ्याने दोघांना आलटून पालटून भरवत असेल, तर मेनू कार्डावर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. हाताशी पाण्याचा पेला आहे का, आणि तो पोहोचेल इतका जवळ आहे का, हेही त्याच वेळी दिसतं.

आपलं माणूस तिथे असेल तर दर भेटीत पांघरूण बाजूला करून टाचा, घोटे, खुबे आणि माकडहाड बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा जांभळट, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. या वेळी लक्ष दिलं तर कूस बदलण्यावर भागतं. असं बघू देत नसतील, किंवा आधी फोन केल्याशिवाय वर सोडत नसतील, तर तिथे ठेवू नका.

‘डॉक्टर ऑन कॉल’ आणि ‘शहरापासून दूर’

या दोन्ही एकत्रच घेते, कारण दुसरीने पहिली निकामी होते. ऑन कॉल म्हणजे फोनवर. लकवा मारला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. नेरळ-वांगणीच्या आत, रिक्षाही सहज मिळत नाही अशा फार्महाऊसवरून १०८ ची अॅम्ब्युलन्स बोलावून, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलपर्यंत रात्री दोन वाजता किती वेळ लागतो, ते मालकाला विचारा. मागच्या वेळी कोणाला कुठे नेलं होतं, तेही विचारा.

डोंगर दिसतो, हवा चांगली असते, पैसेही कमी पडतात, हे मान्य. मुंबईत जागेचे भाव असे आहेत की अनेकांना दुसरा मार्गच नसतो. पण दादरच्या मुलीला कर्जतच्या पुढे जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मग आठवड्याची भेट महिन्यावर जाते, आणि ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याची चादर सर्वांत शेवटी बदलली जाते. दोन सेंटरांमध्ये निवड करायची असेल तर साधी, पण घरापासून अर्ध्या तासावर असलेली जागा घ्या.

पैसे भरण्यापूर्वी करार लेखी घ्या : डिपॉझिट किती दिवसांत परत, डायपर आणि औषधं फीमध्ये की वेगळी, हॉस्पिटलमध्ये कोण नेणार, पडल्यास घरी किती वेळात कळवणार. मारहाण, उपासमार, डांबून ठेवणं असं काही दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो नंबर आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये घालून द्या, आणि मोबाइल त्यांच्याकडेच राहील हे करारात लिहून घ्या.